रिव्हर्स वगळून सहल

माणसाचं वाटोळं व्हायला फार मोठे निर्णय लागत नाहीत. तोंडात घास असताना बोललेले दोन शब्दही पुरतात. माझे दोन शब्द होते, "त्यात काय!"

आम्ही मेहुण्याकडे जेवायला गेलो होतो. मेहुणा म्हणजे माझ्या बायकोचा थोरला भाऊ, आणि थोरला भाऊ म्हणजे आमच्या घरातलं सर्वोच्च न्यायालय. त्याला सगळे दादा म्हणतात. मीही म्हणतो. (तो माझ्यापेक्षा लहान आहे, पण ते कोणाच्या लक्षात येत नाही, कारण त्याला सगळं येतं.) आमचा नळ गळायला लागला की बायको आधी दादाला फोन करते आणि मग खाली बादली लावते. मिक्सर बंद पडला, दादा. दाराची कडी बसेना, दादा. एकदा मला उचकी लागली होती, तेव्हासुद्धा तिने फोन हातात घेतलेला मी पाहिला आहे.

तर या दादाने एक कॅरॅव्हॅन घेतली होती. म्हणजे गाडीच्या मागे जोडायचं चाकांवरचं घर. आत पलंग, शेगडी, बेसिन, टेबल, सगळं घडी होणारं. ती त्याच्या दारात कित्येक महिने नुसती उभी होती आणि तिच्या छपरावर शेजारच्यांच्या मांजराने संसार थाटला होता. जेवता जेवता बायको म्हणाली, "दादा, किती छान आहे रे! आम्हाला दे ना एकदा शनिवार-रविवार."

"न्या की!" दादा म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "भावोजी, मागे काहीतरी जोडून गाडी चालवलीय ना कधी? पुढे न्यायला काही नाही, पण रिव्हर्सला जरा... जमेल ना?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत काळजी होती. संशयही होता. आणि कुठेतरी खोल, नळ गळायच्या आधीच्या काळातली थोडी आशासुद्धा होती. मी घास गिळायचीही वाट पाहिली नाही.

"त्यात काय!" मी म्हणालो.

घरी परतताना बायको म्हणाली, "अडलंच तर दादा आहेच. फोन करायचा, की येईल."

"हे बघ," मी गाडी थांबवून म्हणालो (सिग्नलच लागला होता), "या सहलीत दादाला फोन होणार नाही. गाडी मी नेणार, मी लावणार आणि मी आणणार. शब्द देतो."

ती खिडकीकडे वळून हळूच हसलेली मला काचेत दिसली. ते हसू खरं ठरवायचं, बास, एवढंच माझ्या डोक्यात बसलं. बाकी मला साधी गाडीसुद्धा रिव्हर्समध्ये घ्यायची तर तोंडाला कोरड पडते, हा तपशील त्या क्षणी मला क्षुल्लक वाटला.

मी नकाशा खात्यात कारकून आहे. माझ्या शेजारच्या टेबलावर जो बसतो त्याला आम्ही सर्वज्ञ म्हणतो. त्याच्याकडे गाडी नाही, त्यामुळे त्याला गाड्यांबद्दल सगळं माहीत असतं. मी त्याला सहज म्हणून विचारलं.

"अगदी सोपं," तो म्हणाला. "कॅरॅव्हॅन डावीकडे वळवायची असेल तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवायचं."

"आणि उजवीकडे?"

"डावीकडे."

"आणि सरळ मागे?"

सर्वज्ञाने माझा स्टेपलर घेतला, त्याच्या मागे पंचिंग मशीन ठेवलं, दोन्ही रबरबँडने बांधली आणि म्हणाला, "हा स्टेपलर म्हणजे गाडी. घे मागे."

मी घेतला. पंचिंग मशीन डावीकडे गेलं. मी स्टेपलर डावीकडे वळवला, मशीन आणखी डावीकडे गेलं, शाईच्या बाटलीला लागलं आणि बाटली एका जिल्ह्याच्या नकाशावर पालथी झाली. तेवढ्यात साहेब मागे येऊन उभे राहिले. त्यांनी नकाशाकडे पाहिलं, स्टेपलरकडे पाहिलं आणि विचारलं, "हे काय चाललंय?"

"पार्किंग, सर," मी म्हणालो. मला वाटतं माझ्या बढतीबद्दल त्यांच्या मनात जी काही शंका होती ती तेव्हा मिटली.

त्या दुपारी शाई टिपता टिपता मला युक्ती सुचली. रिव्हर्स येत नाही ना? मग रिव्हर्स घ्यायचाच नाही! जगात पुढे जाणारे रस्ते काय कमी आहेत? आणि मी तर नकाशा खात्यातला माणूस. जिथे समोर रस्ता संपत नाही, जिथे वळसा मारून बाहेर पडता येतं, तेवढ्याच वाटांनी जायचं, तळ्याकाठी रस्त्याच्या कडेला मुक्काम करायचा आणि सकाळी तसंच सरळ पुढे निघून तळ्याला वळसा घालून घरी. झाकली मूठ सव्वा लाखाची. जेवणाची सुट्टी बुडवून मी तो मार्ग काढला. सबंध नोकरीत इतकं मन लावून मी कधी काम केलं नव्हतं.

शनिवारी सकाळी दादाने स्वतः कॅरॅव्हॅन आमच्या गाडीला जोडून दिली. तोंड रस्त्याकडेच होतं, मी मनातल्या मनात हात जोडले. निघणार तोच सासूबाई उशी घेऊन बाहेर आल्या. त्या दादाकडेच राहतात.

"मला कोणी विचारलं नाही," त्या म्हणाल्या, "पण मी येतेय. चाकांवरच्या घरात झोपायचं राहिलंय माझं." आणि त्या मागच्या सीटवर उशीला टेकून बसल्यासुद्धा.

पुढे न्यायला खरंच काही नव्हतं. गाडी जराशी ओढ घ्यायची, मागून भांड्यांचा किणकिणाट यायचा, पण एकंदरीत मी राजासारखा चाललो होतो. बायकोने दोनदा माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मग सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, चहा घेऊ या का कुठे?"

रस्त्याकडेला एक टुमदार हॉटेल होतं. समोर पार्किंग. पण पार्किंगच्या टोकाला भिंत! आत जायची वाट तीच बाहेर यायची. मी वेग वाढवला.

"अहो, गेलं की ते!"

"तिथला चहा पाणचट असतो."

"तुम्ही कधी प्यायलात?"

"बघूनच कळतं."

पुढच्या हॉटेलाला भिंत नव्हती, पण टेम्पो लावलेले होते. तिसऱ्याच्या अंगणात झाड होतं. एका ठिकाणी अगदी मोकळं मैदान होतं, तिथे मी वळलो, पण आत जाऊन बघतो तर पलीकडे चर खणलेला, म्हणून तसाच एक मोठा गोल मारून पुन्हा रस्त्यावर आलो. हॉटेलचा पोऱ्या चहाची किटली घेऊन आमच्याबरोबर अर्धा गोल धावला आणि मग थांबला. सासूबाई काचेतून त्या किटलीकडे पाहत राहिल्या.

"यांना चहाच द्यायचा नाहीये मला," त्या लेकीला म्हणाल्या. मला ऐकू येईल इतक्या हळू.

"तुम्ही कोणाला टाळताय का?" बायकोने विचारलं. "कोणाचे पैसेबिसे...?"

"छे! वेळेत पोचायचंय."

"कुठे? तळं काय उठून जाणार आहे का?"

खोटं बोलायला लागणारी हुशारी माझ्याकडे बेताचीच आहे, ती पार्किंग बघण्यात संपत होती.

यथावकाश तळं आलं. पाणी चमकत होतं, वारा सुटला होता, रस्ता पाण्याच्या कडेने वळत होता. बायको म्हणाली, "अगं बाई, काय सुंदर!" आणि माझ्या हातावर हात ठेवला. मला वाटलं, जिंकलो. आता फक्त हा रस्ता तळ्याला वळसा घालून पलीकडे निघाला की मूठ कायमची झाकली.

रस्ता वळसा घालायला निघाला होता हे खरं. पण अर्ध्या वळशात त्याचा विचार बदलला. समोर एक फाटक होतं आणि फाटकावर पाटी होती, 'रोपवाटिका'. पुढे रस्ता नव्हता. पुढे वांग्याची रोपं होती.

आमच्या खात्याची एक पद्धत आहे, ती इथे सांगायला हवी. जो रस्ता मंजूर झाला तो झालाच असं धरून आम्ही नकाशात काढून टाकतो. हे मला ठाऊक आहे. बाहेरची माणसं फसतात तेव्हा आम्ही हसतो सुद्धा. पण आपल्या खात्याच्या नकाशावर आपणच विश्वास ठेवावा, इतकी अक्कल माझ्याशिवाय त्या ऑफिसात कोणाला गहाण टाकता आली नसती.

फाटक उघडं होतं. आत मोठं आवार दिसत होतं, म्हणून मी "आत वळू" म्हणत गाडी घुसवली. आवार मोठं होतं, पण कुंड्यांनी भरलेलं. गाडीचं नाक गुलाबांना टेकलं आणि मी थांबलो. तेवढ्यात मागून खताचा ट्रक आला आणि फाटकात उभा राहून भोंगा वाजवायला लागला.

रोपवाटिकेची मालकीण हातातली झारी तशीच घेऊन बाहेर आली. धिप्पाड बाई, आवाज खणखणीत. "रोपं हवीत का?"

"नको," मी म्हणालो. "रस्ता हवाय."

"रस्ता मागे राहिला. घ्या गाडी मागे. त्याला खत उतरवायचंय."

ट्रकवाल्याने ट्रक सहज मागे घेतला, एका हाताने, दुसऱ्या हाताने कान खाजवत. मला त्याचा मनापासून राग आला.

बायको खाली उतरली. "मी मागून सांगते," ती म्हणाली. सासूबाईही छत्री घेऊन उतरल्या. मी गिअर टाकला. सर्वज्ञाचं वाक्य आठवलं. डावीकडे हवं तर उजवीकडे. पण आत्ता हवं कुठे होतं, तेच आठवेना.

"येऊ द्या, येऊ द्या!" बायको ओरडली. "डावीकडे! डावीकडे घ्या!"

"गाडी डावीकडे की कॅरॅव्हॅन डावीकडे?"

"दोन्ही!"

"दोन्ही जात नाहीत!"

"माझ्याकडे या, माझ्याकडे!" सासूबाई छत्री हलवत म्हणाल्या.

"आई, तू कुंड्यांच्या मागे उभी आहेस!"

"मग मी हलते, पण त्यांना येऊ दे!"

मी स्टिअरिंग फिरवलं. कॅरॅव्हॅन हलली, पण भलतीकडेच. मी उलटं फिरवलं, ती आणखी भलतीकडे गेली. काहीतरी कडाडलं. "झेंडू गेला," मालकीण शांतपणे म्हणाली. मी पुढे घेतली, पुन्हा मागे. "शेवंती," मालकीण म्हणाली. शेवटी गाडी आणि कॅरॅव्हॅन काटकोनात अडकल्या. मी खिडकीतून बाजूला पाहिलं तर मला कॅरॅव्हॅनच्या खिडकीतून आतला ओटा दिसला. गाडी चालवणाऱ्याला आपल्या मागच्या घरातला स्वयंपाकघराचा ओटा समोर दिसायला लागला की समजावं, पुढे काही खरं नाही.

ट्रकवाला खाली उतरून, हाताची घडी घालून बघत होता. "साहेब, तुम्ही नेमकं काय करताय?" त्याने विचारलं. त्याच्या आवाजात कुचेष्टा नव्हती. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

बायको माझ्या खिडकीशी आली. तिच्या हातात फोन होता. "दादाला लावते," ती म्हणाली.

"नको!"

"अहो, मग करायचं काय? रात्रभर असंच वाकडं बसायचं?"

"तुला शब्द दिलाय मी."

"शब्दाने गाडी निघते का?"

मग मात्र माझ्याच्याने राहवलं नाही. मी इंजिन बंद केलं. "मला रिव्हर्स येत नाही," मी म्हणालो. "कधीच येत नव्हता. म्हणून चहा नाही. म्हणून हा रस्ता. सगळी सहल मी रिव्हर्स वगळून आखली होती."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "मग त्या दिवशी हो कशाला म्हणालात?"

"तू बघत होतीस."

लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणसाने असं काही बोलू नये. मागे ट्रकवाल्याने खिडकीतून हात आत घालून पुन्हा भोंगा वाजवला. बायकोने फोन पर्समध्ये टाकला, पर्सची चेन लावली आणि म्हणाली, "उतरा. दादाला फोन नाही करायचा."

"मग?"

"ढकलायचं. चाकं आहेत ना तिला?"

कॅरॅव्हॅन सोडवली की ती हाताने जागच्या जागी फिरते, हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं, ते ढकलल्यावर कळलं. बायको आणि मी एका बाजूला, मालकीण आणि ट्रकवाला दुसऱ्या बाजूला. सासूबाई मध्ये उभ्या राहून छत्रीने हुकूम सोडत होत्या. मालकिणीने अशी काही ताकद लावली की आम्ही बाकीचे नुसते हात लावून तिच्याबरोबर चाललो. कॅरॅव्हॅनचं तोंड रस्त्याकडे झालं. मग मी रिकामी गाडी मागेपुढे, मागेपुढे, मागेपुढे करत एकट्याने वळवली (इथे टाळ्या अपेक्षित होत्या, पण कोणी वाजवल्या नाहीत) आणि ती पुन्हा जोडली.

ट्रकवाल्याने खत उतरवलं. जाताना तो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "साहेब, बैलगाडी घ्या." मी आभार मानले.

मालकिणीची मात्र करमणूक झाली होती. "झालं ते झालं," ती म्हणाली. "झेंडूचं पुढे बघू. आता कुठे जाताय? राहा इथेच. पाणी आहे, वीज आहे, मागे तळं आहे." सासूबाईंनी उत्तराची वाट न पाहता उशी आत नेली. आणि मग, त्या दिवशी पहिल्यांदा, चहा झाला. मालकिणीने पातेलंभर केला. सासूबाईंनी तीन कप घेतले, आणि प्रत्येक कपाला माझ्याकडे एकदा पाहिलं.

संध्याकाळी मी बादली घेऊन नळावर पाणी भरत होतो. कॅरॅव्हॅनच्या भिंती पातळ असतात, आतलं सगळं बाहेर ऐकू येतं. बायकोचा आवाज आला.

"हो रे दादा, पोचलो कधीच. नाही, काही अडलं नाही."

माझ्या हातातली बादली तशीच राहिली.

"रिव्हर्स? अरे, काय सांगू तुला! इतकी अरुंद जागा होती, दोन्हीकडे कुंड्या, आणि यांनी अशी अलगद घेतली... एका झटक्यात! मी तर बघतच राहिले."

मागून सासूबाईंचा आवाज आला, "एका हाताने म्हण, एका हाताने!"

"हो, एका हाताने! ट्रकवालासुद्धा थांबून बघत होता."

(यात शेवटचं वाक्य अक्षरशः खरं होतं.)

मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. झेंडू, शेवंती आणि वांगी यांच्या मधोमध, ओल्या चपलांनी उभा राहून मी डोळे पुसले. माझ्यासाठी ती खोटं बोलली होती, तेही दादाशी! एवढ्या वर्षांत इतकी उंची मला कोणी दिली नव्हती. मी भरलेली बादली उचलून ऐटीत आत गेलो.

बायको पलंगाच्या कडेला बसली होती. फोन मांडीवर. चेहरा जरा विचित्रच होता.

"काय म्हणाला दादा?" मी विचारलं.

"म्हणाला, खरंच एका हाताने?"

"मग?"

"मग म्हणाला, कोणाला सांगू नकोस, पण त्याला रिव्हर्स येत नाही. दुकानवाल्याने आणून दारात लावली, तेव्हापासून ती हललेलीच नाही. म्हणूनच आपल्याला इतक्या आनंदाने दिली." तिने फोन बाजूला ठेवला. "उद्या सकाळी तो येतोय इथे. तुमच्याकडून शिकायला."

मी बादली खाली ठेवली. थोडं पाणी सासूबाईंच्या उशीवर सांडलं.

"नको म्हणून सांग ना त्याला."

"कसं सांगू? जन्मात पहिल्यांदा तो माझ्या नवऱ्याकडे काहीतरी शिकायला येतोय!" असं म्हणताना तिचे डोळे असे काही चमकले की आपणच रचलेली थाप आहे हे ती बहुतेक विसरली होती. "वहिनीलाही आणतोय. ती व्हिडिओ काढणार आहे."

सासूबाई उशी झटकत म्हणाल्या, "लवकर झोपा मग. हात ताजा हवा."

मी निमूटपणे बाहेर आलो. मालकीण रोपांना पाणी घालत होती. दादा येणार तो आम्ही आलो त्याच रस्त्याने, म्हणजे पहाटे कितीही लवकर निघालो तरी समोरासमोर गाठ पडणारच. मी आवाज खाली आणून तिला विचारलं, "बाई, इथून बाहेर पडायला दुसरा काही रस्ता आहे का हो?"

"आहे की," ती म्हणाली. "शेडच्या मागून थेट हमरस्त्याला लागतो. चांगला डांबरी आहे." तिने झारी खाली ठेवली आणि माझ्याकडे जरा कणवेने पाहिलं. "फक्त शेडपर्यंत गाडी तेवढी मागे घ्यावी लागेल."